वॉली

वॉली : ब्रिटिश बोलभाषेतील थट्टेच्या सुरातली सौम्य शिवी. अर्थ : बावळट, वेंधळा, हसे करून घेणारा माणूस. घरात मुलांसमोर ती चालते, मित्र मित्राला देतो आणि फजिती झाली की माणूस स्वतःलाही लावून घेतो. या अर्थाने ती 1960 च्या दशकापासून रूढ झाली. व्युत्पत्ती अनिश्चित.

सर्वांत लोकप्रिय कथा पॉप संगीत महोत्सवांतली आहे. वॉली नावाचा कोणी गर्दीत सोबत्यांपासून चुकला, ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुन्हा पुन्हा पुकारले गेले आणि श्रोत्यांनी त्याचाच घोष सुरू केला. कोणी हा प्रसंग 1970 च्या आइल ऑफ वाइट महोत्सवातला सांगतात, कोणी 1971 च्या एसेक्समधील वीलीचा. काहींच्या मते हरवला तो कुत्रा होता. महोत्सवांतली ही आरोळी पुढे बिरूदही झाली. 1974 मध्ये स्टोनहेंजजवळ तळ ठोकलेल्या तरुणांना हटवण्यासाठी सरकार न्यायालयात गेले, तेव्हा त्यांनी आपापल्या नावापुढे ‘वॉली’ लावले. त्यांचा म्होरक्या फिल रसेल ‘वॉली होप’ म्हणूनच ओळखला जाई. तेव्हा महोत्सवांमुळे शब्द सर्वतोमुखी झाला हे पटते. पण हरवलेल्याला घातलेल्या हाकेत मूर्खपणाचा अर्थ कुठून आला, हे त्या कथेतून उलगडत नाही. शिवाय शिवी 1960 च्या दशकातली असेल, तर 1970 चा महोत्सव तिचा उगम ठरू शकत नाही.

लंडनमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानांत बरणीतून काढून देतात त्या व्हिनेगरमधल्या काकडीलाही वॉली म्हणतात, म्हणून काहीजण शिवीचे मूळ तिथे शोधतात. स्कॉटलंडमध्ये हाच शब्द चिनी मातीच्या वस्तूंसाठी आहे. त्याचा इथे संबंध दिसत नाही.

वॉल्टर या नावाचे लघुरूप हीच उपपत्ती त्यातल्या त्यात सयुक्तिक वाटते. चार्ली, हर्बर्ट ही साधी घरगुती नावेही इंग्रजीत अशीच बावळटासाठी वापरली जातात. कोशकारही ‘बहुधा’ असे म्हणून वॉल्टरकडेच बोट दाखवतात.

शब्दाची धार मात्र टिकून आहे. 21 नोव्हेंबर 2007 रोजी वेम्बली मैदानावर इंग्लंडचा फुटबॉल संघ क्रोएशियाकडून 3–2 असा हरला. भर पावसात छत्री धरून उभे राहिलेले प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लॅरन यांना एका वृत्तपत्राने इंग्रजीत यमक साधून ‘छत्रीवाला वॉली’ ठरवले. दुसऱ्याच दिवशी त्यांना पदावरून दूर करण्यात आले.