तक्त्याची पुष्पिका

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक जो मजकूर लिहितो त्यास पुष्पिका म्हणतात. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणी केली, कोणत्या शकात पुरी झाली, हे तीत येते. अनेक संस्कृत-प्राकृत पोथ्यांत त्याच्या जोडीला एक संख्याही आढळते. तिचे नाव ग्रंथाग्र. येथे 'ग्रंथ' म्हणजे बत्तीस अक्षरांचे माप. मजकूर गद्य असो वा पद्य, त्याचा विस्तार या मापाने सांगितला जाई. लेखनिकाचा मोबदला त्यावरून ठरवता येई आणि नकलेत काही गळले आहे काय, हेही ताडता येई.

ग्रीकांकडेही अशीच रीत होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॅलिमॅकसने 'पिनाकेस' ही ग्रंथसूची रचली. या शब्दाचा अर्थच मुळी फलक किंवा तक्ते. तीत ग्रंथाचे आरंभीचे शब्द आणि एकूण ओळींची संख्या दिलेली असे. पुढे इ. स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लिशनने दरांचा जो हुकूम काढला, त्यात उत्तम प्रतीच्या लेखनाला शंभर ओळींमागे २५ दिनार, तर दुय्यम प्रतीला २० दिनार असा दर आहे. ओळ हे मजुरीचे एकक झाले म्हणजे ओळीची लांबीही ठरलेली असावी लागते. एकक निश्चित नसेल तर संख्येला अर्थ उरत नाही, ही जाण या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे.

संगणकाच्या जगात हीच जाण नव्या रूपाने अवतरली. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचे प्रतिरूप दिले. १९७९ मध्ये आयबीएमच्या 'सिस्टिम आर' या प्रकल्पातील संशोधकांनी प्रश्नाचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधावे, हे यंत्राने ठरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी प्रत्येक तक्त्यात ओळी किती आणि त्या किती पृष्ठांवर पसरल्या आहेत, याची नोंद आधीच सूचीत ठेवलेली असे. वाचण्यापूर्वी मोजावे, हे तत्त्व असे यंत्राच्या अंगी मुरले.

मोजले नाही तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडात २०२० मध्ये घडले. कोविडच्या चाचण्यांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात. बीबीसीच्या वृत्तानुसार एकेका चाचणीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलीत सुमारे १,४०० रुग्णांचीच नोंद होई. उरलेल्या ओळी निमूटपणे गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत आली नाही आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. गळालेली ओळ आपण गळाल्याचे सांगत नाही. तिची उणीव केवळ संख्येवरून कळते.

आज तक्ते वाचण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटांकडे जात आहे. अशा एजंटाला एका वेळी ठरावीक प्रमाणातच मजकूर नजरेसमोर ठेवता येतो. प्रचंड तक्त्यातील पहिल्या हजार ओळीच हाती आल्या तरी तो साऱ्या तक्त्याविषयी ठाम निष्कर्ष लिहू शकतो. म्हणून आधी आकार तपासणारे साधन त्याच्या हाती द्यायचे. मात्र ते साधन काय करते, हे एजंटाला कळते ते त्याच्यासोबत दिलेल्या वर्णनावरूनच. त्या वर्णनाचा पहिला वाचक खुद्द यंत्र असते. तेथील संदिग्ध वाक्याचा अर्थ शेजाऱ्याला विचारण्याची सोय त्याला नाही.

असे वर्णन लिहिणाऱ्यापुढे जे प्रश्न येतात, ते साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नयेत. पहिला प्रश्न एककाचा. 'ज्ञान' या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती पाच चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवल्यास पंधरा बाइट. मग तक्त्याचा आकार ओळींत सांगायचा, बाइटांत, की भाषिक प्रतिरूप ज्या तुकड्यांत मजकूर वाचते त्या टोकनांत? एका ओळीत एखादा अंक असेल किंवा एखादा दीर्घ निबंधही असेल. नुसता 'आकार' हा शब्द येथे पुरत नाही.

दुसरा प्रश्न संख्येच्या खात्रीचा. पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालीच्या सूचीत प्रत्येक तक्त्याच्या ओळींची संख्या असते, पण ती अंदाजी असते. ज्या तक्त्याची अशी पाहणी कधीच झालेली नाही, त्याच्यापुढे पूर्वी ० दिसे. २०२१ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून तेथे -१ येते. बदल इवलासा, पण त्यात 'रिकामे' आणि 'अज्ञात' यांतील अंतर प्रथमच नोंदले गेले. भरलेल्या तक्त्याला रिकामा समजून एजंटाने तो सारा वाचायला घ्यावा किंवा वगळून पुढे जावे, हे दोन्ही अनर्थ त्या एका शून्याने ओढवू शकतात. संख्या मोजलेली की अंदाजलेली, केव्हाची, आणि ठाऊक नसल्यास काय उत्तर मिळेल, हे म्हणूनच वर्णनात स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे.

जुनी पुष्पिका पोथीच्या शेवटी येई. एजंटासाठी ती आरंभी आणावी लागते, एवढाच फरक. पोथीचे लेखनिक पुष्पिकेत पुष्कळदा वाचकाची क्षमा मागतात. तरीही आपली चूक जिच्यामुळे पकडली जाईल ती संख्या ते स्वहस्ते लिहून ठेवत. साधनाचे वर्णन लिहिणाऱ्याकडूनही तेवढ्याच प्रामाणिकपणाची अपेक्षा आहे.