मोकळा कुत्रा कोणाचा? १८३२ ची मुंबई आणि एक शब्द

पाळलेलं कुत्रं-मांजर एकटं बाहेर सोडावं की नाही, यावर सोसायटीच्या बैठकीत तास तास वाद होतात. 'हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का?' असं तुमच्यापैकी कुणी विचारलं, तर मी १८३२ चा जून महिना सांगेन. त्या महिन्यात याच प्रश्नावरून मुंबईत दंगल झाली होती.

आधी घटना बघू. मुंबईत १८१३ पासून एक नियम होता: उन्हाळ्यात १५ एप्रिल ते १५ मे या काळात मोकाट कुत्री मारायची. कारण पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती. रेबीजवर पाश्चरची लस यायला १८८५ उजाडलं, म्हणजे त्या काळी चावा म्हणजे मरण, हे लक्षात ठेवा. सरकार उगाच क्रूर होतं असं लिहून मोकळं होऊ नका. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळायचं.

आता इथे जरा थांबा. बक्षीस नगावर आहे. मग पकडणाऱ्याला सोपं कुत्रं कोणतं? खरं भटकं कुत्रं माणसाला बिचकतं, पळतं. पाळलेलं कुत्रं हाक मारली की शेपूट हलवत येतं. (हे माझं अनुमान आहे, पुरावा नाही. प्रबंधात असं वाक्य लिहिलंत तर तसं स्पष्ट सांगा.) तक्रार मात्र नेमकी तीच होती: शिपाई घरांत शिरून पाळीव कुत्री ओढून नेतात.

६ जूनला कोटात, म्हणजे फोर्ट भागात, पारशांनी शिपायांवर हल्ला केला. तो दिवस पारशी आणि इस्मायली, दोघांच्याही सणाचा होता. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, इस्मायली व्यापारीही सामील झाले. कुलाब्याच्या छावणीचा रसदपुरवठा अडला. शेवटी दंगलविरोधी कायदा वाचून दाखवला गेला आणि धरपकड झाली.

पारशीच पुढे का? पहिलं उत्तर सगळे देतात ते धर्माचं. पारशांच्या अंत्यविधीत 'सगदीद' असतो, मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवतात. कुत्रा त्यांच्यासाठी पवित्र. उत्तर खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलात तर फसाल. मग जैन आणि हिंदू व्यापारी का आले? जीवदया हे एक कारण, मान्य. पण घराचा उंबरठा ओलांडून शिपाई आत येतो, हा राग कुठल्या धर्मात बसवणार? जेसी पालसेतिया यांचा २००१ चा या दंगलीवरचा लेख जरूर वाचा. पारशी समाज आणि इंग्रज यांच्या नात्यात ही घटना कुठे बसते, ते त्यात नीट मांडलंय.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक शब्द: 'मोकाट'. नियम बेवारशी कुत्र्यांसाठी होता. पण ओट्यावर झोपणारं, गल्लीत हिंडणारं, संध्याकाळी एका ठरावीक दारात भाकरी खाणारं कुत्रं बेवारशी की मालकाचं? गल्लीला ते ठाऊक असतं. शिपायाला नसतं, आणि आठ आण्यांसाठी त्याला जाणूनही घ्यायचं नसतं. कुत्रं मालकाचं तेव्हाच, जेव्हा ते दाराआड आहे, ही समजूत त्या हुकमातून रस्त्यावर आली. आणि मग ते दाराआडही सुरक्षित राहिलं नाही, ही त्यातली खरी गंमत. गंमत तरी कशी म्हणायची!

म्हणून 'मुंबईतील भटके कुत्रे' असं शीर्षक घेऊन मार्गदर्शकांकडे जाणार असाल, तर आधी त्या शब्दावर काम करा. कागद कोणाचे आहेत बघा: पोलीस, दंडाधिकारी, न्यायालय. त्या कागदांत कुत्रं 'भटकं' असतं, कारण ते तसं लिहिलं तरच मारणं कायदेशीर ठरतं. मालकांचा आवाज शोधायचा तर अर्ज आणि त्या काळची वर्तमानपत्रं चाळावी लागतील. गुजराती येत नसेल तर आजपासून शिकायला लागा, खरंच सांगतो.

आणि दंगलीनंतरचं वाचायला विसरू नका. जमशेटजी जीजीभाईंनी मध्यस्थी केली, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचा तोडगा निघाला. १८३४ मध्ये त्यांनी आणि शेठ मोतीशांनी मुंबईत पांजरापोळ उभी केली. शहराबाहेर सोडलेल्या त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं, कोणत्या गावाच्या वेशीवर ती गेली, तिथल्या लोकांनी काय केलं? विषय शोधताय ना? हा घ्या.