अठ्ठेचाळीस तास

यातला माणूस कोणी एक नाही. चाकणच्या पट्ट्यात कुठल्याही पाळीला भेटेल असा आहे. औषधाचं घड्याळ मात्र खरं आहे, आणि मधे येणारा नागपूरचा दाखलाही.

बुधवार, दुपारी ४. पहिली पाळी सुटली. उद्या गुरुवारची सुट्टी. वय ४६, प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू, तंबाखू काही सुटत नाही. तळेगाव चौकाजवळच्या मेडिकलमध्ये तो गर्दी ओसरायची वाट बघतो आणि मित्राने पाठवलेला फोटो दुकानदारापुढे धरतो. दुकानदार कात्रीने पट्टीतली एक गोळी कापून देतो. टॅडालाफिल, २० मिलिग्रॅम, ताठरतेची गोळी. चिठ्ठी नाही, बिल नाही, प्रश्न नाही. हे औषध शेड्यूल एचमधलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. तसं पट्टीवर छापलेलं असतं, कापलेल्या तुकड्यावर येतंच असं नाही.

डॉक्टरांकडे गेला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं, दोन जिने चढून दम लागतो का? लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. रोहिणी आतून खराब होऊ लागली की तक्रार आधी बारीक नळीत उमटते. त्यामुळे ताठरता न येणं ही पुष्कळदा हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली नोटीस असते, मधुमेह्यांत तर जास्तच. आपल्याकडे ही नोटीस घेऊन माणूस भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' जाहिरातीचा नंबर फिरवतो. ईसीजी काढायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

रात्री ९. दोन पेग झालेत. वर गोळी.

दारूने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि ही गोळीही तेच करते. नागपूरचा ४१ वर्षांचा एक माणूस याच जातीच्या सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि दारू घेऊन झोपला. सकाळी अस्वस्थ वाटलं, उलट्या झाल्या. सोबतच्या मैत्रिणीने डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाला, असं मला पूर्वीही झालंय. दवाखान्यात नेलं तेव्हा तो गेलेला होता. मेंदूत सुमारे ३०० ग्रॅम गोठलेलं रक्त सापडलं, हृदयाच्या भिंती जाड झालेल्या. रक्तदाब जुना असावा, पण त्याची नोंद कुठेच नव्हती. हा मृत्यू पुढे 'जर्नल ऑफ फोरेन्सिक अँड लीगल मेडिसिन'मध्ये छापून आला.

रात्री ११. गोळीचा जोर शिखरावर. नाक चोंदलंय, डोकं जरा जड. बाकी सगळं मनासारखं.

गुरुवार, सकाळी ९. त्याच्या लेखी विषय संपला. सिल्डेनाफिल असतं तर एव्हाना बरंचसं उतरलंही असतं, ते चारेक तासांत निम्मं होतं. टॅडालाफिलला निम्मं व्हायला साडेसतरा तास लागतात. म्हणजे दुपारचे अडीच.

संध्याकाळी ६. सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवताना छातीवर दाब आला, दरदरून घाम. "ॲसिडिटी असेल," तो म्हणाला. पंधरा-वीस मिनिटं त्यातच गेली. १०८ला फोन करायची वेळ हीच होती.

६:२०. शेजारचे काका आले. त्यांची स्वतःची अँजिओप्लास्टी झालेली, खिशात सॉर्बिट्रेट कायम.

"काका, बघा ना हो, घाम थांबतच नाही," बायको म्हणाली.

"घाबरू नकोस, पोरी. ही जिभेखाली धर रे, गिळू नकोस."

काकांचा हेतू चांगलाच होता. सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट. शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि त्यामुळे पेशींत रक्तवाहिन्या सैल करणारं रसायन तयार होतं. ते रसायन मोडून टाकणारं एन्झाइम कालच्या गोळीने अडवून ठेवलंय. एकाने नळ पूर्ण सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीत बोळा कोंबायचा, तशी गत. रक्तदाब कोसळतो, आणि आधीच अडलेल्या हृदयाला मिळणारं रक्त आणखी घटतं. गंमत अशी की सिल्डेनाफिल फायझरने इंग्लंडमध्ये तपासायला घेतलं ते छातीतल्या याच दुखण्यावर. मार्च १९९८मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते मात्र दुसऱ्याच कामासाठी.

६:४०. डोळ्यांपुढे अंधारी. "अजून एक देऊ," काका म्हणाले.

७:५०. गाडी मोशीच्या ट्रेलरांच्या रांगेतून कशीबशी भोसरीला पोचली. कॅज्युअल्टीत बीपी ७०. पाय उंच केले, सलाईन लावलं.

"आणखी काही औषधं घेता?"

बायको म्हणाली, बीपीची आणि शुगरची. खाटेभोवती ती, मेहुणा, काका. त्याने मान हलवली, नाही. केसपेपरवर लिहिलं गेलं : इतर औषधे – नाहीत. सगळ्यांना बाहेर काढून हाच प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता, पण रात्रीच्या गर्दीत तेवढी उसंत कोणाला?

८:४०. बीपी ११०वर आलंय, छातीतलं दुखणं तसंच. केसपेपरवर जे आहे त्याप्रमाणे नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप सुरू झालं.

८:५५. नाडी लागत नाही. सीपीआर.

शुक्रवार, रात्री ९. गोळी घेऊन ४८ तास पूर्ण. सिल्डेनाफिलला ही मुदत २४ तासांची, टॅडालाफिलला एवढी. नायट्रेट द्यायचा विचार यानंतर करता येतो.