असईचा तांबडा डगला : प्रतिकृती, रंग आणि १८०३ ची लढाई

१/ लष्करी ड्रोनची लघुप्रतिकृती रंगवणाऱ्याला अचूक रंगछटा ठरवणे तुलनेने सोपे असते. खोक्यातील माहितीपत्रकावर छटेचा क्रमांकच छापलेला असतो. जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणाची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला असा क्रमांक कोठेही मिळत नाही. तेथे रंग इतिहासातून शोधावा लागतो, आणि तो चुकला की लढाईचा अर्थही चुकतो. त्या रंगांचा हा शोध. (थ्रेड)

२/ आधी क्रमांकांविषयी. अमेरिकेचे ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ हे रंगप्रमाण १९५६ चे. त्यातील ३६३७५ या क्रमांकाचा पहिला अंक सांगतो की रंग चकाकीरहित आहे, दुसरा सांगतो की तो राखाडी गटातील आहे, आणि उरलेले तीन त्याचा उजळपणा दाखवतात. जर्मनीचे ‘राल’ १९२७ पासूनचे, ब्रिटनचे ‘बी.एस. ३८१सी’ १९३० चे. भारताचे ‘आय.एस. ५’ हे प्रमाण याच कुळातले.

३/ ड्रोनचा राखाडी रंग आकाशात मिसळून जाण्यासाठी असतो. १८०३ मध्ये लष्करी रंगाचे काम नेमके उलटे होते. काळ्या दारूच्या बंदुकांची एक फैर झडली की समोर धुराचा पडदा उभा राहत असे. त्या धुरातून आपली पलटण आपल्याला ओळखता यावी, म्हणून डगले ठसठशीत रंगांचे असत. तेव्हाचा सैनिक दिसावा म्हणून रंगवलेला होता.

४/ आता प्रसंग. २१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूर येथे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला मराठी फौजेवर एकत्र चालून जावे असे ठरले. पण २३ तारखेलाच खेळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, असई गावाजवळ, वेलस्लीला संपूर्ण मराठी सैन्य समोर दिसले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढाई दिली.

५/ समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा होत्या. हजारोंचे घोडदळ, शंभरच्या आसपास तोफा, आणि अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हुकुमाखाली दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ. त्यात बेगम समरूची ब्रिगेडही होती. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढणारे सैनिक साडेचार ते पाच हजार.

६/ या लढाईच्या प्रतिकृतींत एक चूक वारंवार दिसते. एका बाजूला तांबड्या डगल्यांच्या सरळ रांगा. दुसऱ्या बाजूला केशरी, हिरव्या, पिवळ्या पोशाखांतला, भाले-तलवारी घेतलेला विस्कळीत जमाव. पाहणाऱ्याच्या मनावर आपोआप ठसते की शिस्त एका पक्षाकडे होती आणि गर्दी दुसऱ्याकडे. रंगाची कुपी निवडतानाच निकाल लिहून मोकळे झाल्यासारखे हे आहे.

७/ वस्तुस्थिती निराळी होती. १७८४ मध्ये महादजी शिंदे यांनी सव्हॉयच्या बन्वा द ब्वॉन्य (डी बॉइन) या सेनानीस नोकरीत घेतले आणि उत्तरेत कवायती ‘कंपू’ उभे राहिले. त्यातील ‘तेलंगा’ पलटणींचा पोशाख कंपनीच्या शिपायांच्या धर्तीचा होता : अंगात तांबडा डगला, खांद्यावर चकमकीची संगिनी बंदूक. असईला पोलमनच्या हाताखाली लढलेले पायदळ याच परंपरेतले. म्हणजे त्या दुपारी तांबडा रंग दोन्ही बाजूंना होता.

८/ मग ओळख कशी पटावी? येथे कॉलर आणि मनगटपट्टी कामी येते. ब्रिटिश लष्करात डगल्याचा रंग बहुतेकांचा एकच असे; पलटण ओळखायची ती कॉलर आणि मनगटावरील वेगळ्या रंगाच्या पट्ट्यांवरून. असईला लढलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीची पट्टी पांढरी, ७८ व्या पलटणीची फिकट पिवळसर बदामी. सूतभर जाडीची ही रेघ चुकली की रणांगणाच्या उत्तर टोकाची पलटण दक्षिण टोकाला जाऊन बसते.

९/ हायलँडर म्हटले की चौकड्यांचा घागरा, म्हणजे किल्ट, डोळ्यांपुढे येतो. परंतु हिंदुस्थानच्या उन्हात स्कॉटिश पलटणी बहुधा पांढऱ्या विजारी वापरत. ७४ व्या पलटणीचा किल्ट तर १८०९ मध्ये हुकुमानेच बंद झाला. विलायतेत मागाहून काढलेल्या चित्रांत तो दिमाखात झळकतो, कारण गिऱ्हाइकाला तो हवा होता. चित्र लढाईनंतर किती वर्षांनी आणि कोणासाठी काढले, हे पाहिल्याखेरीज त्यावरून रंग घेऊ नये.

१०/ घोडदळात गंमत उलटी आहे. १९ व्या लाइट ड्रॅगून्स या गोऱ्या रिसाल्याचा डगला ‘फ्रेंच ग्रे’, म्हणजे निळसर झाक असलेला राखाडी, आणि पट्ट्या पिवळ्या. त्यांच्या शेजारी दौडणारे मद्रासचे देशी रिसाले मात्र तांबड्या पोशाखात. कंपनीचे गोलंदाज निळ्या डगल्यात. ‘इंग्रज म्हणजे तांबडा’ हे समीकरण इंग्रजांच्याच बाजूला टिकत नाही.

११/ तांबडा म्हणजे तरी कोणता? साध्या ब्रिटिश सैनिकाची बनात मंजिष्ठेच्या कुळातील मुळांच्या रंगात रंगवलेली असे. तिची छटा मंद, विटकरी. अधिकाऱ्यांचा लखलखीत किरमिजी-लाल रंग मेक्सिकोकडील कोचिनील किड्यापासून येई आणि तो महाग असे. एकाच कुपीतून अधिकारी आणि शिपाई दोघांनाही रंगवले, तर त्या लष्करातला हुद्द्याचा आणि पैशाचा फरकच पुसला जातो.

१२/ शिवाय हे सारे रंग नैसर्गिक होते. कृत्रिम ॲलिझरिन १८६९ नंतर बाजारात आले. वनस्पतीजन्य तांबडा उन्हापावसात तपकिरीकडे झुकतो. वेलस्लीच्या फौजेने ऑगस्टमध्ये अहमदनगर घेतले आणि मग ऐन पावसाळ्यात दख्खन तुडवत ती असईला पोहोचली. त्या डगल्यांवर दीड महिन्याचा चिखल आणि घाम होता. संचलनासाठी सजल्यासारखी चकचकीत बाहुली येथे खोटी ठरते.

१३/ एक तांत्रिक बाब. १/७२ प्रमाणातील सैनिक जेमतेम २४ मिलिमीटर उंच असतो. तो ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरा माणूस सुमारे २२ मीटरांवरून पाहणे. लहान पृष्ठभागावर तोच रंग अधिक गडद भासतो, म्हणून तो किंचित उजळ करावा लागतो. मात्र तांबड्यात पांढरा मिसळला की गुलाबी होतो. तेथे नारिंगी किंवा बदामी मिसळावा. सावलीसाठी काळ्याऐवजी तपकिरी बरा.

१४/ मद्रासी शिपायाचे डोके रंगवताना साल विसरू नये. नोव्हेंबर १८०५ मध्ये मद्रास लष्करात नव्या पगडीचा हुकूम निघाला. तिच्यावर चामड्याचा तुरा होता. जोडीला दाढी काढणे, कवायतीच्या वेळी कपाळावरचे गंध आणि कानातले दागिने वर्ज्य करणे हेही आले. असईच्या शिपायाला हा हुकूम लागू नव्हता. त्याच्या कपाळावर गंधाची बारीक रेघ ओढणे इतिहासाला धरूनच होईल.

१५/ ही रेघ क्षुल्लक नाही. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात मद्रासी शिपायांनी उठाव केला. तेथे ठेवलेल्या टिपूच्या पुत्रांच्या उपस्थितीसह कारणे अनेक होती; पण ठिणगी पोशाखाच्या हुकुमाची होती. उठाव चिरडण्यासाठी अर्काटहून दौडत आला तो १९ वा लाइट ड्रॅगून्स, असईला याच मद्रास लष्कराच्या खांद्याला खांदा लावून लढलेला रिसाला. गव्हर्नर बेंटिंक आणि सरसेनापती क्रॅडॉक या दोघांनाही परत बोलावण्यात आले.

१६/ आता मराठी घोडदळ. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार आणि स्वतःचेच कपडे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. येथे गणवेश शोधणे व्यर्थ. नीळ, हळद, आल, कुसुंबा असे दख्खनचे रंग घ्यावेत आणि दोन स्वार सारखे रंगवू नयेत. कुसुंब्याची गुलाबी छटा उन्हात लवकर उडते, हेही लक्षात असावे. पायदळात एकसारखेपणा आणि घोडदळात विविधता : मराठी फौजेचे खरे रूप या दोहोंच्या जोडीत आहे.

१७/ तोफा ओतीव मिश्रधातूच्या. शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात, आणि त्यांचा दर्जा वेलस्लीनेही मान्य केला. त्यांना झगझगीत सोनेरी रंग देऊ नये. वापरातली मिश्रधातू तपकिरी पडते. वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे, करड्या रंगाचे. शिंद्यांच्या माऱ्याने ते बैल आणि गोलंदाज पडले, आणि त्याला तोफा मागे सोडून पुढे जावे लागले.

१८/ जमिनीचाही रंग असतो. बाजारातली ‘हिंदुस्थान’ नावाची तयार माती बहुधा वाळवंटी पिवळी असते. जालना जिल्ह्यातील माणूस मात्र शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतो. सप्टेंबरच्या अखेरीस काळी ओली, हिरवीगार असते. गावाच्या मातीच्या भिंती फिकट, पांढुरक्या. असईचा पट मांडायचा तर या दोन शब्दांतच तळाचे दोन्ही रंग सापडतात.

१९/ या पटावर घडले काय? ७४ वी पलटण असई गावाच्या माऱ्यात सापडून जवळजवळ संपली. १९ व्या ड्रॅगून्सने धावून तिचे अवशेष वाचवले. दक्षिणेस ७८ वी पलटण तोफांच्या ओळीवरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा मागून तिच्यावर डागल्या. कवायती पायदळाने जुई नदीकडे पाठ करून दुसरी फळी धरली. घोडदळाची साथ न मिळाल्याने अखेरीस तेही मागे हटले.

२०/ वेलस्लीची हानी : ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. लढलेल्या फौजेचा एक तृतीयांशाहून मोठा भाग. हाती आल्या ९८ तोफा. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला त्याची सर्वोत्तम कामगिरी विचारली, तेव्हा त्याने ‘असई’ एवढेच उत्तर दिल्याचे सांगतात. रंगीबेरंगी जमावाने एवढी किंमत वसूल केली नसती. ती वसूल केली ओळीत उभ्या राहिलेल्या पायदळाने आणि तोफेशी मरणाऱ्या गोलंदाजाने.

२१/ म्हणून असईची प्रतिकृती करणाऱ्याने पहिली कुपी उघडावी ती तांबड्याची, आणि पहिला हात फिरवावा तो पोलमनच्या पायदळावर. थोडा तपकिरीकडे झुकलेला, उन्हात विटलेला, चिखल लागलेला तांबडा. मग पाहणारा क्षणभर अडखळेल आणि विचारेल, यातले शिंद्यांचे कोणते? लढाईचे खरे आकलन त्या प्रश्नापासून सुरू होते. (समाप्त)