लोहमार्ग-प्रवासातील सुरक्षितता (शहापूर–मुरबाड परिसर)

लोहमार्गाने प्रवास करणाऱ्या व्यक्तीचे जीवित, अब्रू व चीजवस्तू यांचे गुन्हेगारी व घातपाती कृत्यांपासून होणारे संरक्षण म्हणजे प्रवासी-सुरक्षितता. अपघातनिवारणाची व्यवस्था हा यापासून भिन्न विषय होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. कारण येथील रहिवाशांच्या नोकरी, शिक्षण व बाजारहाटाची भिस्त दूरवरच्या नगरांशी जोडणाऱ्या एकाच लोहमार्गावर आहे.

मार्ग व भूस्थिती : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबई–ठाणे हा पहिला टप्पा १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. तो १८५४ मध्ये कल्याणपर्यंत, १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत व १८६१ च्या प्रारंभी कसाऱ्यापर्यंत वाढविण्यात आला. थळ घाटातील काम पूर्ण होऊन १८६५ मध्ये गाड्या इगतपुरीस पोहोचल्या. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानके शहापूर तालुक्यात असून शहापूर गावाचे स्थानक आसनगाव हे आहे. मुरबाड गावास स्थानक नाही. तेथील प्रवासी बसने कल्याण गाठून गाडी पकडतात. कसारा ते इगतपुरी या घाटात चढाचे प्रमाण ३७ फुटांस १ फूट इतके तीव्र आहे. त्यामुळे चढणाऱ्या गाडीस कसाऱ्यास जादा एंजिने जोडावी लागतात व घाटात गाड्यांची गती मंद राहते. ही मंदगती, लागोपाठचे बोगदे आणि दोन्ही बाजूंचे विरळ वस्तीचे रान यांमुळे हा टप्पा सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक मानला जातो.

संरक्षणयंत्रणेचा विकास : प्रारंभी संरक्षणाचा रोख प्रवाशापेक्षा मालावर व मार्गावर होता. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगड येथे पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या काळी शासनाच्या लेखी सुरक्षा म्हणजे राज्याच्या साधनांची सुरक्षा होती. स्वातंत्र्यानंतरही हा दृष्टिकोन लवकर पालटला नाही. १९५७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या रेल्वे सुरक्षा दलाकडे मुख्यतः रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण सोपविलेले होते. प्रवासी व प्रवासीक्षेत्र यांचा समावेश त्याच्या कर्तव्यांत २००३ च्या दुरुस्तीने झाला. तथापि संविधानानुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय असून त्यात लोहमार्ग पोलीसही अंतर्भूत आहेत. म्हणून गुन्ह्यांची नोंद व तपास प्रामुख्याने राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे आहे. एकाच फलाटावर दोन गणवेशांतील शिपाई उभे असतात, त्याचे कारण हेच होय.

घातपात व त्याचे परिणाम : ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम उपनगरी मार्गावरील गाड्यांत सात बाँबस्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या गोळीबारात पन्नासांहून अधिक लोक मरण पावले. यानंतर मोठ्या स्थानकांवर धातुशोधक चौकटी, सामान तपासणारी यंत्रे व छायाचित्रक यांची व्यवस्था वाढली. बेवारस वस्तूस हात न लावण्याच्या घोषणा नित्याच्या झाल्या, आणि फलाटावर क्षणभर ठेवलेले गाठोडेही संशयास पात्र ठरू लागले. उपनगरी गाडीत चढणाऱ्या लाखो लोकांची झडती घेणे अशक्य असते. चोहोबाजूंनी उघड्या असलेल्या लहान स्थानकांवर तर अशा चौकटींचा उपयोग फारच मर्यादित राहतो. सुरक्षेचा भर नगराच्या प्रवेशद्वाराशी राहिला. मार्गाच्या दुसऱ्या टोकाशी तो विरळच होता.

घाटातील दरोडा : ८ ऑक्टोबर २०२१ रोजी लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये इगतपुरी येथे चढलेल्या टोळीने घाटात प्रवाशांना लुटले व एका तरुणीवर अत्याचार केला. प्रवाशांच्या आरडाओरड्यामुळे कसारा स्थानकावर मदत मिळाली, काही आरोपी तेथेच पकडले गेले आणि कल्याण लोहमार्ग पोलिसांनी गुन्हा नोंदविला. नगरातील तपासणी कितीही कडक असली, तरी दोन स्थानकांमधील निर्जन पट्ट्यात प्रवासी किती एकाकी असतो, हे या घटनेने दाखवून दिले. चालत्या गाडीतील गुन्ह्यात हद्दीचा प्रश्न नेहमीच उद्‌भवतो. प्रवासमार्गावरील कोणत्याही न्यायालयात अशा गुन्ह्याची चौकशी होऊ शकते, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली असून गुन्हा कोठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदविण्याची सोयही स्पष्टपणे केली आहे.

स्त्रिया व दैनंदिन प्रवास : स्त्रियांसाठी राखीव डब्याची तरतूद १८९० च्या रेल्वे अधिनियमातच होती, ती १९८९ च्या अधिनियमातही आहे. रात्रीच्या वेळी उपनगरी गाड्यांच्या महिला डब्यांत पोलीस नेमण्याची प्रथा पुढे रूढ झाली. कसाऱ्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत कल्याणपर्यंत गर्दी हीच अडचण असते. कल्याणनंतर डबे रिकामे होत जातात, आणि आधी जिचा जाच वाटला, त्या गर्दीचाच आधार वाटू लागतो. अशा वेळी सोबतीने बसणे, दारापासून दूर राहणे, ओळखीच्या प्रवाशांचा डबा निवडणे, ही प्रवाशांनी स्वतःच निर्माण केलेली सुरक्षाव्यवस्था होय. सायंपाळीची नोकरी घ्यावी किंवा नाही, मुलीस दूरच्या महाविद्यालयात पाठवावे किंवा नाही, असे कुटुंबाचे निर्णयही या शेवटच्या टप्प्यावर अवलंबून असतात.

संकटसमयी साहाय्यासाठी असलेला १८२ हा क्रमांक २०२१ मध्ये १३९ या एकत्रित क्रमांकात विलीन करण्यात आला. मात्र लोहमार्ग पोलिसांची हद्द स्थानकाच्या आवाराबरोबर संपते, तर आसनगावहून शहापूरकडे किंवा कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या प्रवाशाचा प्रवास घराच्या उंबरठ्यापर्यंत चालू असतो. लोहमार्ग पोलीस व ग्रामीण पोलीस यांच्यातील समन्वय आणि रात्रीच्या गाडीशी जुळणारी बससेवा यांचा विचार म्हणूनच प्रवासी-सुरक्षिततेत करणे अगत्याचे ठरते.