1.3 मिलिमीटरचा पुरावा

हबल अवकाश दुर्बिणीच्या आरशात नेमके काय चुकले, याचा शोध घेणाऱ्या समितीचा अहवाल नोव्हेंबर 1990 मध्ये नासाने प्रसिद्ध केला. समितीचे अध्यक्ष होते जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे संचालक ल्यू ॲलन. या अहवालात भावनेला फारशी जागा नाही. तरीही अवकाश दुर्बीण म्हणजे काय आणि ती कशी घडते, हे समजून घ्यायला या एका दस्तऐवजाइतके उपयोगी वाचन मला दुसरे माहीत नाही. दुर्बीण नीट चालली की तिने पाठवलेली चित्रेच डोळ्यांसमोर येतात. ती चुकली तेव्हा मात्र तिचा प्रत्येक भाग आणि तो करणाऱ्या माणसांचा प्रत्येक निर्णय कागदावर उतरवावा लागला.

आधी पार्श्वभूमी. 1946 मध्ये लायमन स्पिट्झर या तरुण खगोलशास्त्रज्ञाने रँड प्रकल्पासाठी एक टिपण लिहिले. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर वेधशाळा असली तर काय साधेल, हा त्याचा विषय. तोवर एकही उपग्रह आकाशात गेलेला नव्हता. स्पिट्झरचे म्हणणे दोन गोष्टींवर उभे होते. हवा सतत हलत असते, त्यामुळे जमिनीवरून पाहताना ताऱ्याचा बिंदू पसरतो आणि दुर्बीण कितीही मोठी केली तरी तपशील एका मर्यादेपलीकडे जात नाही. शिवाय अतिनील किरण आणि अवरक्त किरणांचा मोठा भाग वातावरण शोषून घेते, म्हणजे विश्वाच्या प्रकाशाचा मोठा हिस्सा जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. या दोन्ही अडचणींवर उपाय एकच, हवेच्या वर जाणे. त्या कल्पनेची दुर्बीण व्हायला चव्वेचाळीस वर्षे लागली. 24 एप्रिल 1990 रोजी ‘डिस्कव्हरी’ यानाने हबलला केनेडी अवकाश केंद्रातून उचलले आणि दुसऱ्या दिवशी जमिनीपासून सहाशेहून अधिक किलोमीटर उंचीवर कक्षेत सोडले.

तिची मूळ मांडणी साधी आहे. समोरून येणारा प्रकाश 2.4 मीटर व्यासाच्या अंतर्वक्र मुख्य आरशावर पडतो, तिथून उलटून पुढच्या लहान आरशावर जातो आणि मुख्य आरशाच्या मध्यभागी ठेवलेल्या भोकातून मागच्या उपकरणांपर्यंत येतो. कॅमेरे, वर्णपटमापक आणि दुर्बीण एकाच ताऱ्यावर रोखून धरणारे सूक्ष्म मार्गदर्शक, सगळे त्या मागच्या भागात. याचा अर्थ असा की मुख्य आरशाचा वक्र चुकला तर मागचे एकही उपकरण त्यातून सुटत नाही.

20 मे 1990 रोजी पहिले चित्र आले आणि ते लोकांना दाखवण्यात आले. पुढच्या काही आठवड्यांत लहान आरसा मागेपुढे सरकवून फोकस साधण्याचे प्रयत्न झाले, पण तारा बिंदू होईना. मधला ठिपका आणि भोवती पसरलेला प्रकाशाचा झगा, असेच रूप दर वेळी दिसे. जून महिन्यात अवकाश दुर्बीण विज्ञान संस्थेतले ख्रिस बरोज आणि कॅमेऱ्याच्या गटातल्या सँड्रा फेबर व जॉन होल्ट्झमन यांनी त्या प्रतिमांवरून निदान केले. हा गोलीय विपथनाचा दोष होता. आरशाच्या कडेवरून येणारे किरण एका जागी एकवटत होते आणि मध्याजवळून येणारे दुसऱ्या जागी. 27 जूनला नासाने हे जाहीर केले. अपेक्षा अशी होती की ताऱ्याचा 70 टक्के प्रकाश 0.1 विकलेच्या त्रिज्येत मावावा. प्रत्यक्षात मावत होता सुमारे 15 टक्के.

2 जुलैला ॲलन समिती नेमली गेली. आरसा घडवला होता पर्किन-एल्मर कंपनीच्या कनेक्टिकटमधल्या डॅनबरी येथील कारखान्यात, 1979 ते 1981 या काळात. तो कारखाना 1989 च्या अखेरीस ह्यूजेस कंपनीकडे गेला होता. घटनेला नऊ-दहा वर्षे उलटून गेलेली. अशा वेळी तपास करणाऱ्याला सहसा कागद मिळतात, वस्तू मिळत नाही. इथे वस्तूही मिळाली. आरशाची तपासणी ज्या उपकरणाने केली, ते ‘नल करेक्टर’ काम संपल्यापासून जसेच्या तसे ठेवलेले होते. या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा पुरावा. ते मोडून भाग दुसरीकडे वापरले असते तर पुढची दुरुस्ती किती अवघड झाली असती, याचा विचार केला तरी धास्ती वाटते.

नल करेक्टरचे काम समजल्याशिवाय अहवाल कळत नाही. हबलचा आरसा सुमारे 10 नॅनोमीटरपर्यंत अचूक घासायचा होता. असा वक्र पट्टीने मोजता येत नाही, तो प्रकाशानेच मोजावा लागतो. लेसरचा झोत आरशावर टाकायचा, परत आलेला झोत मूळ झोतात मिसळायचा आणि दोघांच्या एकमेकांवर पडण्यातून उमटणारे काळे-उजळ पट्टे पाहायचे. आरसा गोलाकार नसल्याने हे पट्टे तसेही वाकडेच येतात. म्हणून मध्ये हे उपकरण ठेवतात. आरसा अगदी हवा तसा असेल, तर ते पट्टे सरळ आणि समांतर करून दाखवते. पॉलिश करणाऱ्याने पट्टे सरळ होईपर्यंत घासत जायचे. म्हणजे आरशाचा आकार शेवटी उपकरण ठरवते. उपकरण चुकलेले असेल, तर त्या चुकीशी तंतोतंत जुळणारा आरसा तयार होतो.

तसेच झाले. डॅनबरीच्या या उपकरणात दोन आरसे आणि एक लहान भिंग होते. त्यांच्यातली अंतरे ठरवायला इन्व्हार या मिश्रधातूचे दांडे वापरले, कारण उष्णतेने इन्व्हार फारसे वाढत नाही. दांड्याच्या टोकावरून लेसर परावर्तित करून लांबी मोजायची होती. झोत नेमका मधोमध पडावा म्हणून टोकावर बारीक भोकाची टोपी बसवलेली होती आणि टोपीवर प्रकाश परतवू नये असा काळा लेप होता. तो लेप भोकाजवळ उडाला होता. झोत दांड्याच्या टोकाऐवजी टोपीच्या उघड्या पृष्ठभागावरून परतला. दोघांतले अंतर होते 1.3 मिलिमीटर. तेवढेच भिंग चुकीच्या जागी गेले. समितीने उपकरण मोजले तेव्हा हाच आकडा निघाला. जतन केलेले दांडे आणि टोप्या तपासल्यावर त्याचे कारणही सापडले.

अहवालात याच्या जोडीला वॉशरची गोष्ट येते आणि वर्तमानपत्रांनी तीच उचलून धरली. मापाप्रमाणे भिंग जिथे बसायला हवे होते तिथपर्यंत ते सरकत नव्हते, तेव्हा जागा भरून काढायला साधे वॉशर घातले गेले. मला स्वतःला वॉशरपेक्षा त्याच्या आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. ठरल्यापेक्षा जास्त सरकवावे लागणे ही उपकरणाने स्वतःच दिलेली सूचना होती. ती कुणी वर कळवली आणि तिच्यावर रीतसर छाननी झाली, असा कागद समितीला आढळला नाही.

सूचना ही एकच नव्हती. कारखान्यात आणखी दोन उपकरणे होती. एक होते नुसत्या भिंगांचे नल करेक्टर. सुरुवातीच्या घासणीत ते वापरले होते आणि आरसा पूर्ण झाल्यावर त्याने आणखी एक मापन केले गेले. त्या मापनात आरशाचा दोष दिसत होता. दुसरे उपकरण योग्य आरशाची नक्कल करणारे होते. ते आरशांच्या नल करेक्टरसमोर ठेवले की पट्टे सरळ यायला हवे होते, पण ते वाकडे आले. या दोन्ही खुणांचे अर्थ त्या वेळी एकाच दिशेने लावले गेले. ही उपकरणे कमी अचूक, दोष त्यांच्यात, आरशांचे उपकरण मात्र प्रमाणित, म्हणजे ते बरोबर. त्या काळी काम अंदाजपत्रकाबाहेर गेले होते आणि वेळापत्रकही मागे पडले होते. त्यात जुळलेली संपूर्ण दुर्बीण एकदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासण्याची चाचणी खर्चामुळे ठरवलेलीच नव्हती. समितीने दोष एका माणसावर ढकलला नाही. एकाच मोजमापावर सगळा भरवसा ठेवणे आणि त्याच्या विरुद्ध जाणारे पुरावे बाजूला सारणे, या कामाच्या पद्धतीवर तिने बोट ठेवले. मला हा निष्कर्ष पूर्ण पटतो. पट्ट्यांच्या छायाचित्रांत सत्य आधीपासून होते, ते वाचायची तयारी नव्हती.

याच प्रकल्पासाठी कोडॅक कंपनीने एक राखीव आरसाही घडवला होता. तो बरोबर होता आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे.

हबलच्या आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे 2.2 मायक्रोमीटर जास्त सपाट निघाली, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग. घासणी चुकीची नव्हती, चुकीचा वक्र अतिशय काटेकोरपणे घासला होता. त्यामुळेच दुरुस्ती शक्य झाली. आरशाचा आकार ज्या एका आकड्यात सांगतात तो शंकुस्थिरांक −1.0023 हवा होता. जतन केलेल्या उपकरणातल्या मोजमापांवरून हिशेब केला तर तो सुमारे −1.0139 निघाला. कक्षेतून आलेल्या ताऱ्यांच्या प्रतिमांवरून स्वतंत्रपणे काढलेले आकडेही त्याच्या अगदी जवळ आले. जमिनीवरची एक वस्तू आणि अवकाशातल्या प्रतिमा, अशा दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर मिळाले की त्यावर विसंबून भिंग-आरसे घडवता येतात.

दुरुस्तीत आरशाला हात लावायचा नव्हता. नवा मुख्य कॅमेरा आधीपासून तयार होत होताच. त्याच्या आतल्या लहान आरशांना उलटा दोष देऊन ठेवला. जॉन ट्रॉगर यांच्या नेतृत्वाखालच्या या कॅमेऱ्याला वेगळे काही बसवावे लागले नाही. उरलेल्या उपकरणांसाठी ‘कोस्टार’ नावाची पेटी तयार झाली. तिच्यातल्या नाण्याएवढ्या आरशांच्या पाच जोड्या पुढे येऊन प्रत्येक उपकरणाच्या वाटेत प्रकाश सुधारत. तिच्यासाठी जागा करायला एक जुने प्रकाशमापक उपकरण काढावे लागले. विज्ञानाची ही किंमत खरी होती आणि ती फारशी सांगितली जात नाही.

2 डिसेंबर 1993 रोजी ‘एन्डेव्हर’ निघाले. स्टोरी मस्ग्रेव्ह, जेफ हॉफमन, कॅथी थॉर्न्टन आणि टॉम एकर्स या चौघांनी पाच वेळा यानाबाहेर जाऊन काम पूर्ण केले. 13 जानेवारी 1994 रोजी नव्या प्रतिमा जाहीर झाल्या. एम-100 या सर्पिल आकाशगंगेचा मध्यभाग आधी आणि नंतर, अशी जोडी त्यांत होती. त्याच आकाशगंगेत वेंडी फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी सेफीड प्रकारचे तारे ओळखले. त्यांच्या तेजाच्या चढउताराचा काळ मोजून त्यांनी एम-100 चे अंतर सुमारे 5.6 कोटी प्रकाशवर्षे काढले. विश्व किती वेगाने पसरते आहे हे मोजण्याच्या साखळीत ही कडी गरजेची होती. एवढ्या दूरचा एकेक तारा शेजारच्या ताऱ्यांपासून वेगळा पाडणे हे त्यातले खरे काम. पसरलेल्या झग्यातून ते जमले नसते.

1995 च्या डिसेंबरमध्ये अवकाश दुर्बीण विज्ञान संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या वाट्याचा निरीक्षण-वेळ सप्तर्षींजवळच्या जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या एका लहानशा पट्ट्यावर खर्च केला. दहा दिवसांत घेतलेल्या 342 छायाचित्रांतून सुमारे 3000 आकाशगंगा दिसल्या.

मे 2009 मध्ये शेवटच्या दुरुस्ती मोहिमेने कोस्टार काढून परत आणले. तोवर बसवलेल्या प्रत्येक उपकरणात दुरुस्ती अंगभूतच होती. मूळ आरसा मात्र 1981 मध्ये घासला तसाच, कड सपाट ठेवून कक्षेत फिरतो आहे. त्यासाठी नवे उपकरण घडवताना −1.0023 हा आराखड्यातला आकडा धरून चालले नाही. डॅनबरीतल्या भिंगाने ठरवलेला आकडाच धरावा लागला.