तीन विरुद्ध तीन

कोयली म्हटले की बहुतेकांना तेलशुद्धीकरण कारखाना आठवतो. मला मात्र शेजारच्या बडोद्यात १८७५ साली चाललेली एक चौकशी आठवते. न्यायाधीशांच्या अधिकाराची चर्चा निघाली की मी तीच सांगतो.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले. संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. इंग्रज सरकारने सहा जणांचा आयोग नेमला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. सोबत मीड व मेल्विल हे इंग्रज अधिकारी, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील थेट इंग्लंडहून आले. त्यांनी उलटतपासणीत सरकारी साक्षी खिळखिळ्या केल्या. शेवटी आयोग दुभंगला. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, तिघा हिंदी सदस्यांना नाही.

तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर केलेच. कारण दिले गैरकारभाराचे! कारभार वाईट होता हे खरेच. पण मग ही चौकशी कशाला? ते न्यायालय नव्हतेच. त्याचे मत म्हणजे सरकारला दिलेला सल्ला.

आपल्याकडेही १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालील अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. बेकायदा खाणींसाठी २०१० मध्ये न्या. शहा आयोग नेमला गेला. त्याचा गोव्यावरचा अहवाल २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. तोही याच कायद्याखालचा. अध्यक्षपदी न्यायमूर्ती बसले म्हणून आयोगाचे न्यायालय होत नाही. आयोग स्वीकारताना न्यायमूर्तींनी आणि त्यावर भरवसा ठेवताना आपण, हा फरक लक्षात ठेवलेला बरा.